विद्यार्थ्यांचे लॉगिन कसे काढावेत? (२१४ पोरं, १० कॉम्प्युटर आणि मी)

कोयनाकाठ | ३ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय आणि तोही चक्क कामाचा. आमची शाळा खेड्यातली, आठवी ते दहावी, पट २१४. १५ जूनला शाळा उघडायच्या आत सगळ्या पोरांचे गूगल क्लासरूमचे (गृहपाठ ऑनलाइन द्यायची-तपासायची सोय) लॉगिन तयार पाहिजेत असं मुख्याध्यापक बाईंनी मीटिंगमध्ये जाहीर केलं आणि सगळ्या स्टाफच्या माना माझ्याकडे वळल्या. का, तर मी विज्ञान शिकवतो आणि ऑफिसातला प्रिंटर माझ्याकडूनच चालू होतो.

लॅबमध्ये १० कॉम्प्युटर आहेत, त्यातले ८ चालू. घरोघरी फोन आहे पण तो बापाचा नाहीतर मोठ्या भावाचा. मला रस्ते तीन दिसतात. प्रत्येक पोराचं नवीन जीमेल काढायचं, किंवा पालकांचं आहे तेच जीमेल वापरून व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लास कोड टाकून मोकळं व्हायचं, किंवा शाळेचं स्वतःचं डोमेन (इंटरनेटवरचं आपलं नाव) घेऊन तिथून सगळ्यांची अकाउंट काढायची. तिसऱ्याचं नुसतं नाव ऐकलंय. ज्यांनी केलंय त्यांनी कृपया हात धुऊन सांगा.

टिंबटिंब | ३ जून, रात्री १०:२०

१० पैकी ८ चालू? सर, ही खेड्यातली शाळा आहे की नासा?

घाटावरची_मास्तरीण | ३ जून, रात्री ११:०५

कोयनाकाठ सर, काहीही करा पण दुसऱ्या रस्त्याने जाऊ नका. मी २०२० मध्ये गेले होते. तेव्हा एससीईआरटीची (राज्याची शैक्षणिक संशोधन परिषद) 'शाळा बंद पण शिक्षण आहे' वाली अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपवर यायची, ती आम्ही पोरांना पुढे पाठवायचो, पण पोरं काही करतात की नाही ते कळेना म्हणून मी हौसेने क्लासरूम उघडलं आणि कोड ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत ४३ जण आत. मी खूश. मग नावं वाचली. भाऊ टेंपो. किंग ऑफ कराड. आईची लाडकी ००७. नुसतंच 'नवीन नंबर' नावाचे तिघे. आता गृहपाठाला मार्क कुणाला द्यायचे? भाऊ टेंपोने समीकरणं अगदी बरोबर सोडवली होती हो, पण तो आठवी ब चा कोण हे मला दिवाळीपर्यंत कळलं नाही.

त्यात एका फोनवर दोन भावंडं. धाकट्याचा भूगोल थोरलीच्या वर्गात जमा. आणि फोन बापाबरोबर सकाळी वाशी मार्केटला गेला की तो रात्री परत येईपर्यंत ते घर शाळेत गैरहजर.

सर्व्हरपंत | ४ जून, सकाळी ८:४०

तिसरा रस्ता. बाकी दोन्हींचा विचारसुद्धा करू नका.

पहिला का नको ते आधी सांगतो. वैयक्तिक जीमेल काढायला वय १३ पूर्ण लागतं, आठवीतलं एखादं पोर त्याच्या आतलं निघू शकतं, मग फॅमिली लिंक (पालकांच्या देखरेखीखालचं अकाउंट) वगैरे भानगड. शिवाय फोन नंबरने पडताळणी मागतात आणि एकच नंबर खूप अकाउंटना चालत नाही. म्हणजे तुम्ही स्वतःचा नंबर टाकून २१४ अकाउंट काढायला बसलात तर थोड्याच वेळात 'हा नंबर आता चालणार नाही' असं येणार आणि तुम्ही स्टाफरूममध्ये लोकांचे फोन मागत फिरणार.

शाळेसाठी गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन असतं, त्याची फंडामेंटल्स नावाची आवृत्ती फुकट आहे. पूर्वी याला जी सूट म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदललं. खर्च फक्त डोमेनचा. साधं डॉट इन घ्या. ac.in आणि edu.in म्हणजे एसी डॉट इन, ईडीयू डॉट इन पाहिजे असेल तर ते ईआरनेट या सरकारी संस्थेकडूनच मिळतं, कागदपत्रं जास्त. मग अर्ज, डोमेन तुमचंच आहे हे सिद्ध करणं आणि तुम्ही खरोखर शाळा आहात याची तपासणी. यात दिवस जातात, म्हणून १५ जूनची तारीख विसरा आणि अर्ज मात्र आजच करा.

एकदा ॲडमिन कन्सोल (सगळी अकाउंट सांभाळायचं पान) मिळाला की २१४ नावं हाताने टाकायची नाहीत. सीएसव्हीचा (एक्सेलमध्ये उघडणारी साधी यादीची फाइल) नमुना तिथेच डाउनलोड होतो. नाव, आडनाव, ईमेल, पासवर्ड, कुठल्या गटात ठेवायचं ते, असे रकाने भरायचे आणि फाइल एकदम चढवायची. विद्यार्थी आणि शिक्षक असे दोन वेगळे गट आधी करा, त्यांना तिथे ऑर्गनायझेशनल युनिट म्हणतात. विद्यार्थ्यांच्या गटाला वय १८ खालचं हे सेटिंग ठेवा.

खवट_पालक | ४ जून, सकाळी ९:३०

मूळ प्रश्नच चुकलाय. लॉगिन पाहिजे कशाला? बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड छापलेत, सरकारचं दीक्षा ॲप उघडायचं, कोड स्कॅन करायचा, व्हिडिओ बघायचा. लॉगिन लागत नाही, पासवर्ड लागत नाही, पोरगं तिसऱ्या मिनिटाला यूट्यूबवर जातं ते वेगळं. माझ्या मुलीच्या नावावर आत्ता वेगवेगळ्या शाळा-क्लासवाल्यांची मिळून ५ लॉगिन आहेत आणि पाचही पासवर्ड मला पाठ आहेत, तिला एकही नाही.

घाटावरची_मास्तरीण | ४ जून, दुपारी १:१५

@खवट_पालक, दादा तुमचं बघण्यापुरतं बरोबर आहे. पण मला वही तपासायची असते हो. कुणी दिलं, कुणी नाही दिलं, कुणाचं कुठे चुकलं. दीक्षा मला ते पोरागणिक कसं सांगणार, लॉगिनच नाही तर?

कारकून_नंबर_एक | ४ जून, दुपारी ३:०२

मी शाळेचा लिपिक, २६ वर्षं नोकरी. शिक्षक लोक नेहमी एक चूक करतात ती सांगतो. ईमेल हजेरी नंबरावरून काढू नका. हजेरी नंबर दरवर्षी बदलतो, तुकडी बदलते. नावावरूनही काढू नका, आमच्याकडे एकाच वर्गात तीन ओम पाटील आहेत आणि दोघांच्या बापाचं नाव पण सारखं. शिवाय इंग्रजी स्पेलिंग. वैष्णवीचं स्पेलिंग आधार कार्डावर एक, सरलला (राज्याचं विद्यार्थी नोंदीचं पोर्टल) एक, बँकेत एक आणि ती स्वतः लिहिते चौथंच.

जनरल रजिस्टरचा नंबर घ्या. दाखल झाल्यापासून दाखला घेईपर्यंत तो एकच, दुसऱ्या कुणाला मिळत नाही. जीआर ४८१२ म्हणजे ४८१२, बापाचं नाव काहीही असो.

मूडली | ४ जून, संध्याकाळी ६:४८

+१ कारकून मामांना. आम्ही कॉलेजला मूडल (क्लासरूमसारखंच) चालवतो स्वतःच्या सर्व्हरवर, तिथेही हाच धडा शिकलो. पहिल्या वर्षी मुलांना युझरनेम स्वतः निवडायला सांगितलं होतं. परीक्षेच्या निकालात 'डेंजर बॉय' पहिला आला आणि प्राचार्यांनी सत्कारासाठी यादी मागितली.

मूडलला एक जास्तीची गंमत, युझरनेम सगळं लहान लिपीतच लागतं, आणि पासवर्डला मूळ नियमच असा की आठ अक्षरं, एक कॅपिटल, एक लहान, एक आकडा, एक चिन्ह. पोरं चिन्ह शोधण्यात अर्धा तास घालवतात. गूगलवाल्यांना तेवढं कडक नाही, आठ अक्षरं भरली की झालं.

आजोबा_डॉट_कॉम | ४ जून, रात्री ९:१०

चिन्हावरून आठवलं. आमच्या नातवाला शाळेतून ईमेल दिला होता, आत जाता येईना म्हणून मला बोलावलं. बघतो तर पठ्ठ्याने 'ॲट द रेट' ही अख्खी तीन शब्दांची वरात इंग्रजीत टाइप केलेली! बाईंनी सांगितलं तसं टाकलं म्हणाला. आता त्याची काय चूक? आख्खा भारत त्या चिन्हाला ॲट द रेट म्हणतो, पूर्वी दुकानदार बिलावर भावासाठी वापरायचे त्यामुळे. आमच्या वेळी टाइपरायटरवर ते चिन्ह असायचं आणि आयुष्यात एकदाही लागलं नाही. (अवांतराबद्दल क्षमस्व, पण चिठ्ठीवर ते चिन्ह मोठं छापा सर.)

टिंबटिंब | ४ जून, रात्री ९:१४

डेंजर बॉयचा सत्कार झाला का ते आधी सांगा.

मूडली | ४ जून, रात्री ९:३१

झाला. मुलगी निघाली.

कोयनाकाठ | ९ जून, रात्री ११:४०

मंडळी, आधी सगळ्यांचे आभार. डोमेन घेतलं (बाईंनी स्वतःच्या खिशातून, शाळेचं बिल कधी निघेल माहीत नाही). अर्ज गेलाय. तोवर यादी करायला बसलो आणि रडकुंडीला आलोय.

मामांचं ऐकून जीआर नंबर घेणारच होतो, पण मला वाटलं सरलचा स्टुडंट आयडी तर राज्यभर एकमेव असतो, तो जास्त चांगला. १९ अंकी. यादी एक्सेलमध्ये उतरवली, सेव्ह केली, सीएसव्ही केली, उघडून बघतो तर आठवीच्या जवळजवळ सगळ्या पोरांचा आयडी एकच! शेवटी सगळीकडे ०००० !! मी म्हटलं आता काय हे, आख्खा वर्ग एकच पोरगा आहे का?

आणि दुसरं म्हणजे पासवर्ड म्हणून जन्मतारीख टाकली होती, आठ आकडे म्हणजे आठ अक्षरं बरोबर भरतात म्हणून, तर चाचणीच्या फाइलमध्ये बऱ्याच जणांचे सातच आकडे दिसतायत.

सर्व्हरपंत | १० जून, सकाळी ७:५५

हाहाहा. सर, हसतोय त्याबद्दल माफ करा, पण हे फारच सुंदर उदाहरण आहे. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, पुढचे सगळे शून्य करतं. तुमच्या आयडीत आधी वर्षाचे ४ अंक, मग शाळेच्या यूडायसचे (शाळेचा सरकारी क्रमांक) ११. झाले बरोबर १५! एका शाळेत एका वर्षी नोंदलेल्या सगळ्या पोरांचे हे पंधरा सारखेच असणार. शेवटचे चार, जे खरे त्या पोराचे, तेच गेले. रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा आणि मग आकडे टाकायचे. नंतर टेक्स्ट करून उपयोग नाही, गेलेले अंक परत येत नाहीत.

सात आकड्यांचंही तेच. ०१ ते ०९ ने सुरू होणाऱ्या तारखेचं पुढचं शून्य आकडा समजून खाल्लं. आणि नावं देवनागरीत ठेवणार असाल तर सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, नाहीतर सगळ्या वर्गाची नावं प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह.

जन्मतारीख मात्र पासवर्ड म्हणून नको. वर्गात सगळ्यांना सगळ्यांचे वाढदिवस माहीत असतात.

कारकून_नंबर_एक | १० जून, सकाळी १०:३०

सर, मी जीआर नंबर म्हटलं होतं.

आणि जन्मतारखेचं म्हणाल तर आमच्या पिढीत निम्मी शाळा १ जूनची. घरच्यांना तारीख सांगता यायची नाही, गुरुजी १ जून टाकून मोकळे. तेव्हा तुमचं हे लॉगिन असतं तर निम्म्या शाळेचा एकच पासवर्ड, आणि तोही सात आकडी.

पहिला_बाक | १० जून, दुपारी ४:२२

मी सध्या एफवायला आहे, पण लॉकडाउनमध्ये नववीत होतो तेव्हा आमच्या शाळेने सगळ्यांना एकच पासवर्ड दिला होता. शाळेचं नाव आणि १२३. शिक्षकांनी सांगितलं नंतर बदला. कोण बदलतंय? आम्ही दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये जाऊन त्याचा जमा केलेला गृहपाठ 'अनसबमिट' करायचो. एका मुलाच्या नावाने मॅडमना 'मला गणित आवडत नाही, तुम्ही पण' असं कमेंटमध्ये लिहिलं होतं. त्याने मार खाल्ला. आता सांगायला हरकत नाही, तो मी नव्हतो. (लिहिणारा मी होतो.)

घाटावरची_मास्तरीण | १० जून, संध्याकाळी ५:०१

@पहिला_बाक, तुझी शाळा कुठली रे? सहज विचारतेय.

पहिला_बाक | १० जून, संध्याकाळी ५:०४

मॅडम नेट गेलं.

सर्व्हरपंत | १० जून, रात्री ८:१७

म्हणूनच. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड आणि पहिल्या लॉगिनला बदलायला लावायचा. त्या सीएसव्हीत तसा रकानाच आहे.

घाटावरची_मास्तरीण | १० जून, रात्री ९:२६

पंत, वेगळा पासवर्ड मान्य. बदलायला लावणं अमान्य. तुम्ही ३५ मिनिटांच्या तासाला ८ कॉम्प्युटर आणि ६० पोरं घेऊन बसला आहात का कधी? बदलायला लावला की पोरं तिथल्या तिथे काहीतरी टाकतात आणि बाहेर पडेस्तोवर विसरतात. पुढच्या आठवड्यात निम्मा तास 'बाई माझा होईना'. रिसेट करायचा अधिकार ॲडमिनला, ॲडमिन गेलेले पंचायत समितीत मीटिंगला. आठवी-नववीला शाळेने ठरवलेलाच पासवर्ड ठेवा, चिठ्ठी द्या, एक प्रत कपाटात कुलपात. दहावीच्यांना बदलू द्या.

सर्व्हरपंत | १० जून, रात्री ९:५०

कुलूपबंद यादीवर माझा आक्षेप कायम, पण ३५ मिनिटांपुढे हात टेकले. मग निदान एवढं करा, रिसेटचा अधिकार वर्गशिक्षकांना द्या. फक्त विद्यार्थ्यांच्या गटापुरता वेगळा रोल करता येतो, त्यात त्यांना बाकी काही दिसत नाही.

आणि सुपर ॲडमिन (सगळे अधिकार असलेले) दोन ठेवा, दोन! एका शाळेचं काम माझ्याकडे आलं होतं, सगळं एका सरांच्या नावावर. सरांचं समायोजन झालं दुसऱ्या तालुक्यात, नवीन फोन घेतला, जुना नंबर बंद. शाळेची ३०० अकाउंट आहेत आणि किल्ली कुणाकडेच नाही.

न्यूजर्सीकर | ११ जून, पहाटे ४:१२

इकडचं सांगते. माझा धाकटा किंडरगार्टनला असताना त्याला वाचताच येत नव्हतं तर टाइप काय करणार. त्यांच्याकडे क्लेव्हर नावाची सोय होती, प्रत्येक मुलाच्या गळ्यात क्यूआर कोडचं कार्ड, ते कॅमेऱ्यासमोर धरलं की आत. मुलं रांगेने कार्ड दाखवत बसायची, अगदी लोकलच्या पाससारखी. रविवारच्या मराठी शाळेत मात्र आम्ही आयाच सगळं करतो आणि तिथे कोयनाकाठ सरांचाच दुसरा रस्ता चालू आहे, वर्गात सगळ्या मुलांच्या जागी आया दिसतात.

फडताळ | ११ जून, दुपारी १२:३५

कुणीच संमतीबद्दल बोललं नाही म्हणून. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतला प्रत्येकजण मूल धरलाय, आणि मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती ही अपेक्षा आहे. तेव्हा प्रवेश अर्जाबरोबरच एक साधा मराठी कागद जोडा. कुठल्या कंपनीची सेवा, कुठली माहिती देतोय (फक्त नाव आणि इयत्ता; आधार नंबर आणि फोटो देऊच नका), शाळा सोडल्यावर अकाउंटचं काय होणार. खाली सही.

खवट_पालक | ११ जून, दुपारी १:४०

हे मात्र पटलं. माझ्या मुलीच्या एका क्लासच्या ॲपने लॉगिनसाठी आधार, बापाचं उत्पन्न आणि घराचं लोकेशन मागितलं होतं. सातवीच्या मराठी व्याकरणासाठी.

एक विचारायचं होतं, शाळेचं अकाउंट माझ्या फोनमध्ये घातलं तर माझे मेल शाळेला दिसणार का?

सर्व्हरपंत | ११ जून, दुपारी २:०५

नाही. शाळेच्या ॲडमिनला शाळेच्या अकाउंटपुरतंच दिसतं, तुमचं जीमेल तुमचं. पण पालकसभेत हा प्रश्न पहिला येणार, तेव्हा कोयनाकाठ सर, उत्तर तयार ठेवा.

कोयनाकाठ | २७ जून, रात्री १०:५५

धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं काय झालं.

मंजुरी १५ च्या नंतर आली, बाई चार दिवस बोलल्या नाहीत. जीआर नंबरचे ईमेल केले (मामा, साष्टांग). नाव देवनागरीत आणि त्याच्या आधी हजेरी नंबर दोन आकड्यांत, म्हणजे '०७ वैष्णवी', त्यामुळे यादी कॅटलॉगच्या क्रमाने लागते. पुढच्या वर्षी फक्त नावाचा रकाना बदलून फाइल परत चढवायची. संमतीचे कागद २०९ आले. उरलेल्या पाचांपैकी तिघांचे पालक ऊसतोडीवरून आलेत पण कर्नाटकात दुसऱ्या कामावर गेलेत, त्यांच्याशी फोनवर बोललो, सही आल्याशिवाय अकाउंट चालू करत नाही.

पहिल्या दिवशी ११ पोरं शिक्षक झाली. क्लासरूम पहिल्यांदा उघडलं की विचारतं तुम्ही विद्यार्थी की शिक्षक, आणि ही ११ रत्नं 'शिक्षक' दाबून मोकळी. ॲडमिनने मंजूर केल्याशिवाय ते खरे शिक्षक होत नाहीत हे नशीब. त्यातला एक म्हणाला, सर चुकून नाही दाबलं.

फोनवर शाळेचं अकाउंट जोडायचं काम पालकसभेतच उरकलं, बाकावर ओळीने बसवून. खवट_पालकांचा प्रश्न खरंच पहिला आला, आणि विचारणाऱ्या गृहस्थांना उत्तर देऊन झाल्यावर त्यांच्या मिसेस म्हणाल्या, मला दिसतील का ते सांगा.

दुसरे सुपर ॲडमिन आमचे लिपिक. त्यांनी पासवर्ड जनरल रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिला होता, तो मी खोडला, त्यांनी परत लिहिलाय. यावर उपाय सुचवा.

आता पासवर्ड. दोन मराठी शब्द आणि दोन आकडे असं जोडून काढले, एक खाण्याचा आणि एक प्राण्याचा, इंग्रजी अक्षरांत. चिंचवाघ, लोणीमांजर, भाकरीघार असे. लक्षात राहायला फारच सोपे, चिठ्ठ्या तिसऱ्या दिवशी कुणालाच लागल्या नाहीत. पण एवढे सोपे की पोरं एकमेकांना त्याच नावाने हाका मारायला लागली. आठवी ब मध्ये एकाला आख्खा वर्ग कांदाकासव म्हणतो. काल त्याची आई येऊन गेली. मी लगेच रिसेट मारून त्याला दुसरा पासवर्ड दिला.

टिंबटिंब | २७ जून, रात्री ११:०२

आणि हाक?

कोयनाकाठ | २७ जून, रात्री ११:०६

कांदाकासवच. आज मधल्या सुट्टीत माझ्याही तोंडून निघालं.